रिकाम्या रानाची चित्रे

टोरोंटोतल्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओच्या एका दालनात लाकडाच्या लहान फळ्या ओळीने टांगलेल्या आहेत. उंची सुमारे २१ सेंटीमीटर, रुंदी सुमारे २७. झेरॉक्सच्या कागदाहून किंचित आखूड. त्यांवर तैलरंगात तळी आहेत, वितळू लागलेले बर्फ आहे, शरदातले लालभडक मेपल आहेत, ढग आहेत. चित्रकाराचे नाव टॉम थॉमसन. जन्म १८७७, मृत्यू १९१७. कॅनडात हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. आपल्याकडे कलाशाळेतून बाहेर पडलेल्यांनाही बहुधा नसते. मलाही नव्हते. मुलीकडे काही महिने राहायला गेलो असताना पावसापासून आडोसा म्हणून मी त्या गॅलरीत शिरलो, आणि पुढे दोन उन्हाळे या माणसाच्या आणि त्याच्या मित्रांच्या चित्रांमागे हिंडलो.

मी स्वतः जागेवर बसून जलरंगात निसर्गचित्रे काढतो. त्यामुळे त्या फळ्यांकडे पहिल्यांदा पाहिले ते व्यवसायाच्या नजरेने. एका फळीला किती वेळ लागला असेल? रंग ओला असताना ती नेली कशी? डास चावत असताना हात स्थिर कसा राहिला? दुसरा प्रश्न बराच नंतर पडला, आणि तोच या लेखाचे निमित्त आहे. या चित्रकारांमुळे उत्तरेच्या रानाची एक प्रतिमा कॅनडाच्या मनात कायमची ठसली : अथांग, थंड, निर्मनुष्य. ते रान खरोखरच निर्मनुष्य होते का? आणि नसेल, तर माणसे चित्रातून नेमकी कोणत्या टप्प्यावर नाहीशी झाली?

फळी आणि कॅनव्हास

थॉमसन चित्रकार म्हणून शिकलेला नव्हता. टोरोंटोत ग्रिप लिमिटेड नावाच्या कंपनीत तो जाहिराती आणि छपाईच्या मजकुराची सजावट करायचा. तिथला प्रमुख सजावटकार होता जे. ई. एच. मॅकडोनाल्ड. आर्थर लिस्मर, फ्रेड व्हार्ली, फ्रँक जॉन्स्टन, फ्रँकलिन कारमायकल हेही वेगवेगळ्या काळात तिथलेच. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी शहराबाहेर जाऊन चित्रे काढीत. १९१२ साली थॉमसन पहिल्यांदा टोरोंटोच्या उत्तरेला असलेल्या अल्गॉनक्विन पार्कमध्ये गेला आणि नंतरची पाच वर्षे त्याने जवळजवळ तिथेच काढली. बर्फ फुटण्याच्या सुमारास जायचे, शरद संपेपर्यंत राहायचे, हिवाळ्यात टोरोंटोला परतायचे. शेवटच्या उन्हाळ्यांत पोटासाठी त्याने वणव्यावर नजर ठेवणाऱ्या वनरक्षकाचे काम केले, वाटाड्याचा परवानाही घेतला.

काम करण्याची रीत अशी. एक लाकडी पेटी. उघडली की तिच्यात पॅलेट, आणि फळी उभी करायला झाकणाचा आधार. फळ्या सरकवायला खाचा. दोन फळ्यांमध्ये अंतर राहत असल्यामुळे ओला रंग पुसला न जाता फळी घरी पोचते. तैलरंग वाळायला दिवस लागतात, त्यामुळे रानात हिंडणाऱ्याला ही सोय नसेल तर काम अशक्यच. मांडीवर पेटी घेऊन, कधी किनाऱ्यावर, कधी होडीत बसून, उजेड बदलायच्या आत चित्र उरकायचे. दुरुस्तीला वेळ नाही. थॉमसनच्या फळ्यांवर दोन फटकाऱ्यांच्या मध्ये मुळातले लाकूड उघडे दिसते. त्याने ते झाकलेले नाही, कारण तो तपकिरी-नारिंगी रंग त्याला कामाचा होता. जलरंगात आम्ही कागद राखतो तसा हा लाकूड राखायचा.

अशी सुमारे चारशे छोटी चित्रे त्याने केली. मोठे कॅनव्हास जेमतेम पन्नास. हे मोठे काम हिवाळ्यात, शहरात होई. लॉरेन हॅरिस हा शेतीची यंत्रे बनवणाऱ्या मॅसी-हॅरिस घराण्यातला चित्रकार आणि जेम्स मॅकॅलम हे डोळ्यांचे डॉक्टर, अशा दोघांनी पैसे घालून टोरोंटोत चित्रकारांसाठी 'स्टुडिओ बिल्डिंग' नावाची इमारत बांधली. तिच्या मागे एक खोपटे होते. थॉमसन त्यात राहायचा आणि रंगवायचा.

'द जॅक पाइन' हे त्याचे सर्वांत गाजलेले चित्र ओटावाच्या नॅशनल गॅलरीत आहे. तळ्याकाठी एक वेडावाकडा पाइन, पलीकडे टेकड्या, मागे संध्याकाळ. १९१६ साली वनरक्षक म्हणून ग्रँड लेकला असताना त्याने आधी याची छोटी फळी केली आणि पुढच्या हिवाळ्यात त्या खोपटात सुमारे १२८ बाय १४० सेंटीमीटरचा कॅनव्हास. दोन्हींतले अंतर फार शिकवणारे आहे. फळीवरचे आभाळ मोडक्यातोडक्या फटकाऱ्यांचे आहे. वारा आहे, पाऊस येईल की काय असा तो क्षण आहे. कॅनव्हासवर तेच आभाळ रुंद, आडव्या, विटांसारख्या पट्ट्यांचे झाले. तळेही तसेच. वारा थांबला. फांद्यांच्या कडांना खालचा शेंदरी रंग उघडा ठेवल्यामुळे झाड पेटल्यासारखे उठून दिसते. फळीत अमुक दिवसाचे हवामान होते. कॅनव्हासमध्ये कोणताच दिवस उरला नाही. जाहिरातकलेत वाढलेल्या हाताला आकार सोपा करणे, पट्टे बसवणे, एका प्रतिमेत सगळे आटोपणे चांगलेच अवगत होते. या कौशल्याला मी कमी लेखत नाही. ते चित्र मोठे आहे. पण काहीतरी गाळल्याशिवाय ते तसे झाले नसते, एवढेच नोंदवून ठेवतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. जॅक पाइनची बहुतेक फळे राळेने घट्ट बंद असतात. वणव्याची धग लागली की राळ वितळते, फळ उघडते आणि जळक्या जमिनीवर बी पडते. म्हणजे कॅनडाच्या अनादि शांततेची खूण मानले गेलेले हे झाड मुळात आगीचे झाड आहे.

आगगाडीने गाठलेले अरण्य

थॉमसन अल्गॉनक्विनला कसा पोचला? आगगाडीने. १८९० च्या दशकात जे. आर. बूथ या लाकडाच्या व्यापाऱ्याने स्वतःचे लाकूड वाहून नेण्यासाठी त्या रानातून लोहमार्ग टाकला होता. थॉमसन ज्या कनू लेक स्थानकावर उतरायचा, त्याच्या जवळचे मोवॅट हे गाव एका लाकूड कंपनीने वसवले आणि ती बुडाल्यावर ओस पडले. तिथल्याच मोवॅट लॉज नावाच्या खाणावळीत तो उतरत असे. आसपासचे मोठे पांढरे पाइन एकोणिसाव्या शतकापासून तोडले जात होते. इंग्लंडकडे जाणाऱ्या चौकोनी ओंडक्यांचा व्यापार त्यांच्यावर उभा होता. वसंतात बर्फ वितळले की ओंडके नदीत सोडायचे आणि पाण्याबरोबर खाली न्यायचे, ही तिथली रीत. त्यासाठी ठिकठिकाणी बंधारे घातलेले. बंधाऱ्यामागे पाणी चढले की काठची झाडे उभ्या उभ्या मरायची.

हे सगळे थॉमसनने पाहिले, आणि रंगवलेही. हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 'बर्न्ट लँड' आहे, 'फायर-स्वेप्ट हिल्स' आहे : वणव्यानंतरच्या काळ्या टेकड्या आणि सुळक्यांसारखी उभी खोडे. 'दि अॅलिगेटर' आहे. अॅलिगेटर म्हणजे ओंडके ओढणारी वाफेची बोट. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचे तर ती दोरखंड आणि रहाट लावून स्वतःलाच जमिनीवरून ओढत नेई. 'सँडबँक विथ लॉग्ज' आहे. आणि 'द ड्राइव्ह' आहे : बंधाऱ्याच्या दरवाजातून कोसळणारे ओंडके आणि ते सोडवणारी माणसे. ही फळी नव्हे, मोठा कॅनव्हास आहे, 'द जॅक पाइन' आणि 'द वेस्ट विंड' यांच्या जवळपास त्याच आकाराचा, आणि त्याच १९१६-१७ च्या हिवाळ्यात, त्याच खोपटात केलेला.

म्हणजे त्या हिवाळ्यात एका खोलीत तीन मोठी चित्रे तयार होत होती. दोघांत एकेक झाड आणि वारा, तिसऱ्यात लाकूडतोड. 'द जॅक पाइन' १९१८ मध्ये नॅशनल गॅलरीने घेतले. 'द वेस्ट विंड' १९२६ मध्ये टोरोंटोच्या गॅलरीला भेट मिळाले. 'द ड्राइव्ह' त्याच वर्षी ओंटारिओच्या शेतकी महाविद्यालयाने घेतले. विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांनी वर्गणी काढून. पहिली दोन देशाची चित्रे झाली. तिसरे चांगले जपले गेले, पण पोस्टाच्या तिकिटावर डोळ्यांपुढे यावे असे ते कधीच झाले नाही. रान रिकामे झाले त्यात चित्रकाराच्या ब्रशाइतकाच निवडणाऱ्यांचा हात आहे.

बुडालेली जमीन

थॉमसनचे १९१२ सालचे एक छोटे चित्र आहे, 'ड्राउन्ड लँड'. त्याच्या पहिल्याच मोसमातले. राखाडी पाणी, त्यात उभी असलेली मेलेली खोडे, मागे काळसर रानाची रेघ. रंग जवळजवळ नाहीतच. त्या चित्रापुढे मी पुष्कळ वेळ उभा राहिलो, कारण ती जागा माझ्या ओळखीची होती.

मी साताऱ्याचा. कोयनेच्या धरणामागचा शिवसागर मी पंचवीस-तीस वर्षे रंगवत आलो आहे. बामणोलीच्या, तापोळ्याच्या बाजूने निळे पाणी, डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा, सकाळचे धुके. ही चित्रे खपतात. महाबळेश्वरला येणारे लोक घेतात, मुंबईच्या दिवाणखान्यांत लागतात. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठाला चिखलाचा तांबडा पट्टा उघडा पडतो आणि कुठे कुठे जुन्या झाडांचे खुंट वर येतात. ते मी कधी काढले नाहीत. रचनेत आड येतात, असे मी स्वतःलाच सांगत असे.

एकदा काठावर बसून चित्र काढत असताना एक म्हातारा होडीवाला मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "पाणी झ्याक काढलंसा. पर खाली आमचं गाव हाय." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी हसून मान डोलावली आणि धुक्याचा हात पुरा केला. गावाचे नाव विचारावे हे मला सुचले नाही.

टोरोंटोच्या त्या दालनात हे आठवले. म्हणून या लेखात मी जे म्हणतो आहे ते वरून बोट दाखवून म्हणत नाही. रिकामे निसर्गचित्र कसे तयार होते, हे मला आतून माहीत आहे. त्यात खोटे बोलावे लागत नाही. ईझल किंचित डावीकडे वळवले की पुरते.

सात जण आणि एक डबा

८ जुलै १९१७ रोजी थॉमसन कनू लेकवर होडीतून गेला तो परतलाच नाही. आठ दिवसांनी त्याचे प्रेत पाण्यावर आले. अपघात, घातपात, आत्महत्या यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात शिरत नाही. आपल्या विषयापुरते एवढेच, की या मृत्यूने त्याची एक दंतकथा झाली : एकटा, अबोल, रानातच जन्मल्यासारखा माणूस. जाहिरात कंपनीतला कारागीर, वनखात्याचा रोजंदार, खाणावळीतला गिऱ्हाईक हे सगळे मागे पडले. रानातली इतर माणसे गेली तशीच थॉमसनमधलीही गेली.

त्याच्या मित्रांनी १९२० मध्ये 'ग्रुप ऑफ सेव्हन' स्थापन केला : हॅरिस, मॅकडोनाल्ड, लिस्मर, व्हार्ली, जॉन्स्टन, कारमायकल आणि ए. वाय. जॅक्सन. त्यांच्या मनातली बी त्याआधीच पडली होती. जानेवारी १९१३ मध्ये हॅरिस आणि मॅकडोनाल्ड सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलो शहरात स्कँडिनेव्हियन चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेले होते. स्वीडन-नॉर्वेच्या चित्रकारांनी बर्फ, पाइन, उत्तरेचा कललेला उजेड हे विषय ज्या धिटाईने घेतले होते ते पाहून, आपला देशही असा रंगवता येईल, असा विश्वास घेऊन दोघे परतले. म्हणजे 'अस्सल कॅनडियन' चित्राची सुरुवात परदेशी चित्रे पाहून झाली. यात कमीपणा काहीच नाही. पाहायला शिकवावे लागते, आणि शिकवणारा बहुधा दुसऱ्या गावचा असतो.

मधल्या काळात महायुद्ध झाले. जॅक्सन सैन्यात गेला, १९१६ मध्ये जखमी झाला, आणि पुढे युद्धचित्रकार म्हणून पुन्हा आघाडीवर गेला. व्हार्लीही गेला. जॅक्सनच्या १९१८ च्या 'ए कॉप्स, ईव्हनिंग' या चित्रात तोफांनी फोडलेल्या झाडांची नुसती खोडे उभी आहेत. हे चित्र आणि ओंटारिओतल्या जळक्या रानाची चित्रे शेजारी ठेवली तर कुठले कुठले, हे क्षणभर कळत नाही. युद्धावरून परतलेल्या माणसाला माणसाचा मागमूस नसलेले रान हवेसे का वाटले असेल, हे समजायला एवढे पुरेसे आहे. या चित्रांतला रिकामेपणा काही अंशी विश्रांतीसाठी होता.

सप्टेंबर १९१८ मध्ये हॅरिस, मॅकडोनाल्ड, जॉन्स्टन आणि डॉ. मॅकॅलम अल्गोमा भागात गेले. अल्गोमा सेंट्रल रेल्वेने त्यांना मालगाडीचा एक डबा दिला. त्याचा क्रमांक १०५५७. त्याला खिडक्या काढल्या, आत झोपायला फळ्या आणि एक शेगडी बसवली. मालगाडी हा डबा ओढत न्यायची आणि ठरलेल्या ठिकाणी सायडिंगला सोडून पुढे जायची. कॅन्यन, ह्यूबर्ट, बॅचवाना असे तळ पडत. तिथून रुळांवरच्या हातट्रॉलीने किंवा होडीने आसपास जायचे, संध्याकाळी डब्यात परतून दिवसभराच्या फळ्या एकमेकांना दाखवायच्या. मॅकडोनाल्डचे 'द सॉलेम लँड' हे भव्य चित्र या प्रवासांतूनच आले. त्यातली दरी पाहताना वाटते, इथे याआधी कोणी पाऊल टाकले नसेल. ज्या रुळांवर हा डबा उभा राहायचा, ते रूळ सू सेंट मेरीच्या गिरण्यांना आणि भट्ट्यांना लाकूड आणि खनिज पुरवण्यासाठी टाकलेले होते. चित्रात रूळ नाहीत.

१९२१ पासून हॅरिस आणि जॅक्सन लेक सुपिरिअरच्या उत्तर किनाऱ्यावर जाऊ लागले. हॅरिसचे 'नॉर्थ शोर, लेक सुपिरिअर' हे १९२६ चे चित्र म्हणजे एक प्रचंड वठलेला बुंधा, त्यावर वरून येणारा उजेड आणि मागे समुद्रासारखे तळे. हॅरिस थिऑसॉफिस्ट होता. ज्या संस्थेचे मुख्य केंद्र आपल्याकडे मद्रासजवळ अड्यारला होते, तिच्या विचारांचा त्याच्यावर दाट ठसा आहे. उत्तर दिशा, बर्फ, प्रकाश या त्याच्या लेखी आत्म्याच्या चढणीच्या पायऱ्या होत्या. त्यामुळे डोंगर जितका गुळगुळीत, जितका निळा, जितका ओसाड, तितका तो सत्याजवळ. याच हॅरिसने टोरोंटोतल्या गरिबांच्या गल्ल्या आणि ग्लेस बे इथल्या खाणकामगारांची घरे रंगवली होती. माणसे त्याला दिसत नव्हती असे म्हणता येत नाही. उत्तरेत त्याला ती नको होती.

पण त्याच किनाऱ्यावर कारमायकलने १९२६ मध्ये 'जॅकफिश व्हिलेज' हे जलरंगातले चित्र केले. जॅकफिश हे आगगाड्यांना कोळसा पुरवणारे छोटे गाव. त्यात घरे आहेत, छपरे आहेत. १९३० मध्ये त्याने चांदीच्या खाणीचेही चित्र केले. म्हणजे गटाच्या आतही दोन प्रवाह होते, आणि पुन्हा एकच पुढे गेला. १९४२ पासून सॅम्पसन-मॅथ्यूज या छपाई कंपनीने नॅशनल गॅलरीच्या सहकार्याने निवडक चित्रांच्या रेशीमछापाच्या मोठ्या प्रती काढल्या. त्या आधी लष्कराच्या बराकींत, मग शाळांत, बँकांत, कचेऱ्यांत लागल्या. एका पिढीने आपला देश भिंतीवर पाहिला तो असा. मूळ चित्रांना पैशाचे मोलही तसेच चढत गेले. २०१६ मध्ये हॅरिसचे 'माउंटन फॉर्म्स' हे चित्र लिलावात १ कोटी १२ लाख कॅनडियन डॉलरना गेले.

चार डॉलर

आता जे चित्रात नव्हते त्यांच्याविषयी. अल्गॉनक्विन हे पार्कचे नाव एका समाजाचे नाव आहे. मिशिपिकोटन, बॅचवाना, अगावा ही नकाशावरची नावे अनिशिनाबे लोकांची. ज्या होडीत बसून थॉमसन चित्रे काढायचा ती कनूही मुळात त्यांचीच कारागिरी. बर्चच्या सालीच्या जागी कापड आणि रंग आला एवढेच. १८९३ मध्ये पार्क झाले तेव्हा त्यात शिकार करणे आणि सापळे लावणे बंद झाले. जे पिढ्यान् पिढ्या त्यावर जगत होते ते एका कायद्याने चोर ठरले. आपली जमीन आपण कधीच करार करून दिली नाही, असा अल्गॉनक्विनांचा दावा आहे. त्यावर तत्त्वतः समझोता झाला तो २०१६ मध्ये.

लेक सुपिरिअर आणि लेक ह्यूरॉनच्या उत्तर किनाऱ्यांवर मात्र १८५० मध्ये करार झाले होते. त्यांना रॉबिन्सन करार म्हणतात. जमिनीच्या बदल्यात दरसाल रक्कम, आणि जमिनीतून मिळणारे उत्पन्न वाढले तर रक्कमही वाढेल, असे त्यात होते. १८७५ मध्ये ती माणशी ४ डॉलर झाली. त्यानंतर लाकूड गेले, खनिज गेले, आगगाडी आली, मालगाडीच्या डब्यातून चित्रकार आले, चित्रांचे कोटी झाले. माणशी रक्कम ४ डॉलरच राहिली. सरकारने कराराचा भंग केला आहे, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितले.

चित्रामुळे हे घडले असे मी म्हणत नाही. न्याय १८७५ मध्येच थांबला होता, तेव्हा थॉमसन आईच्या पोटातही नव्हता. पण जिथे कोणी राहतच नाही असे भिंतीवर रोज दिसते, तिथल्या माणसांचे येणे बाकी आहे हे कोणाला आठवणार? कलेचे अभ्यासक जोनाथन बोर्डो यांनी १९९२ मध्ये 'द जॅक पाइन' या चित्रावरच लेख लिहून, अरण्याच्या या भव्यतेने मूळ रहिवाशांचे अस्तित्व कसे पुसले, हा प्रश्न थेट मांडला. तेव्हापासून कॅनडात ही चित्रे पूर्वीसारखी निरागसपणे पाहता येत नाहीत. त्या दालनांत आता दुसरी चित्रेही लागतात.

त्यांत एमिली कार ही पश्चिम किनाऱ्यावरची चित्रकार आहे. १९२७ मध्ये ओटावाच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तिची या गटाशी ओळख झाली आणि हॅरिसचे तिला प्रोत्साहन मिळाले. पण १९३५ च्या एका चित्रात तिने काय केले पाहा. नावाचा अर्थ साधारण असा : लाकूड म्हणून नाकारलेले, आभाळाचे लाडके. उंच, शिडशिडीत, निरुपयोगी म्हणून तोडणाऱ्यांनी सोडून दिलेले झाड आणि त्याच्याभोवती उजेडाची वलये. खाली तोडलेल्या रानाची मोकळी जमीन. कारला आभाळ हॅरिसइतकेच दिसत होते. बुंधे तिने वगळले नाहीत.

आणि नॉर्व्हल मॉरिसो. लेक सुपिरिअरच्या उत्तरेकडचा, अनिशिनाबे. १९६२ मध्ये टोरोंटोत त्याचे पहिले प्रदर्शन झाले. त्याच्या चित्रात डोंगर नाहीत, क्षितिज नाही. जाड काळ्या रेघेने बांधलेली माणसे, मासे, अस्वले, पक्षी. त्यांच्या पोटातले अवयव बाहेरून दिसतात आणि एकमेकांना रेघांनी जोडलेले असतात. १९७३ मध्ये तो आणि इतर सहा मूळनिवासी चित्रकार एकत्र आले, तेव्हा लोकांनी त्यांना 'इंडियन ग्रुप ऑफ सेव्हन' म्हटले. त्याच किनाऱ्याची ही चित्रे आहेत, हे मला पहिल्यांदा पटेना. हॅरिसच्या चित्रात जे रिकामे होते ते इथे इतके भरलेले, की श्वास घ्यायला जागा नाही.

अगावाचा खडक

दुसऱ्या उन्हाळ्यात मी अगावा बेला गेलो. लेक सुपिरिअरच्या पूर्व किनाऱ्यावर एक उंच कडा थेट पाण्यात उतरतो. त्याच्या पायथ्याशी खडकाची तिरकी, अरुंद कड आहे. तळे शांत असेल तरच तिच्यावर जाता येते. लाट आली तर माणूस ओढला जातो, म्हणून आधाराला साखळ्या लावल्या आहेत. पहिल्या दिवशी वारा होता, परत फिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलो.

कड्यावर गेरूने काढलेली चित्रे आहेत. आपण तुळशी वृंदावनाला लावतो तसाच हा गेरू. एक शिंगे असलेला, पाठीवर काटे असलेला प्राणी : मिशिपेशू, पाण्यातला मोठा वाघ, जो वादळ उठवतो आणि शांतही करतो. त्याच्याजवळ होड्या, आणि होड्यांत उभ्या रेघांनी दाखवलेली माणसे. एकोणिसाव्या शतकात शिंगवॉकोन्स या ओजिब्वे प्रमुखाने हेन्री स्कूलक्राफ्ट या अमेरिकन अधिकाऱ्याला अशा चित्रांचा अर्थ सांगितला होता. मायंगन नावाचा पुढारी होड्यांचा तांडा घेऊन हे तळे ओलांडून आला, त्याची ती नोंद. स्कूलक्राफ्टच्या लिखाणावरून शोध घेत सेल्विन ड्यूडनी हा चित्रकार-संशोधक १९५८ मध्ये या कड्यापर्यंत पोचला. गावच्या लोकांना ती हरवलेली कधीच नव्हती.

हॅरिस, जॅक्सन, मॅकडोनाल्ड याच मुलखात फिरत होते. अगावा नदीची दरी मॅकडोनाल्डने कितीदा तरी रंगवली. उत्तरेचे रान रंगवणारे पहिले चित्रकार आपण, अशीच त्यांची आणि देशाची समजूत होती. पायथ्याशी हा कडा होता, त्यावर प्रवासाचेच चित्र होते, आणि त्या चित्राचा विषय होता : कोण आले, किती होड्यांतून आले, पाण्याने त्यांना कसे येऊ दिले.

थॉमसनच्या फळ्या मला आजही तितक्याच आवडतात. 'ड्राउन्ड लँड' तर जास्तच. त्या फळ्यांच्या मागच्या बाजूला पुष्कळदा कोणी ना कोणी पेन्सिलीने जागा, साल लिहून ठेवलेले असते. ती सवय मी उचलली. परत आल्यावर बामणोलीला गेलो तेव्हा तो होडीवाला भेटला नाही. दुसऱ्या एकाला विचारून, जिथे बसलो होतो त्याच्यासमोर पाण्याखाली कोणते गाव आहे ते समजून घेतले आणि चित्राच्या मागे लिहिले. आता प्रत्येक चित्रामागे लिहितो. चित्राच्या पुढच्या बाजूला ते कसे आणायचे, हे मात्र मला अजून जमलेले नाही.